राखेखालची ओल

घरबसल्या एकेक मुलूख पाहायचा, असे या सदरात आपले ठरलेलेच आहे. आज एका दिवसात पाहून होईल असे बेट निवडले आहे. मुलांनो, नकाशा घ्या. आफ्रिकेच्या वायव्येला मोरोक्को सापडेल. त्याच्या किनाऱ्यापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात, स्पेन देशाची कॅनरी बेटे आहेत. त्यांतले लांझारोते हे आपले आजचे बेट. ज्वालामुखीतून घडलेले. बारमाही नदी नाही, जंगल नाही, आणि पाऊस वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर! आपल्या माण-खटावचा शेतकरीसुद्धा हा आकडा ऐकून कपाळाला हात लावील.

सकाळी आरेसिफे या मुख्य गावातून निघायचे आणि आधी तिमानफायाचे अग्निडोंगर पाहायचे. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री इथे जमीन फाटली. थोडीथोडकी नव्हे, १७३६ पर्यंत आग चालू राहिली. बेटाचा जवळजवळ चौथा हिस्सा लाव्हा आणि राखेखाली गेला. गावेच्या गावे गाडली गेली. याइसा गावच्या पाद्र्याने डोळ्यांनी पाहिलेले लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला ते कळते. जमिनीच्या पोटात अजूनही धग आहे. तिथला कामगार खड्ड्यात वाळके झुडूप टाकतो, ते भडकन पेटते. नळीत बादलीभर पाणी ओततो, क्षणात वाफेचा फवारा उसळतो. हॉटेलातले मांससुद्धा जमिनीच्या याच धगीवर भाजतात.

पण खरे पाहण्यासारखे आहे ते दुपारी, ला हेरियाच्या शेतांत. सुपीक जमीन राखेखाली गेल्यावर कितीतरी कुटुंबे बेट सोडून गेली. जी राहिली, त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही काळी, खडबडीत, सच्छिद्र राख रात्रीचे दव पिऊन घेते आणि दिवसाच्या उन्हात खालची ओल उडू देत नाही. मग त्यांनी राखेत माणसाच्या उंचीएवढे, काही ठिकाणी त्याहून खोल खड्डे खणले. खालची जुनी माती लागली की तिथे द्राक्षाची एक वेल लावायची. समुद्रावरच्या वाऱ्यापासून जपायला काठावर अर्धगोल दगडी बांध घालायचा. एका खड्ड्यात एकच वेल! अशा हजारो खड्ड्यांनी डोंगरउतार भरला आहे. यात यंत्र चालत नाही, सगळे काम हाताचे. त्या द्राक्षांची दारू होते, तिचे कौतुक आपल्याला नको. पण त्या हातांना मानलेच पाहिजे. दुसऱ्या शेतांवर हीच राख पसरून कांदे आणि मसूर घेतात. ज्या राखेने शेत बुडवले, तिच्याच आधाराने शेत उभे राहिले.

पिण्याच्या पाण्याचे काय? जुन्या घरांत अंगणाखाली हौद असे. छपरावर आणि अंगणात पडलेला थेंब न् थेंब त्यात उतरवायचा आणि वर्षभर पुरवायचा. पाऊस चुकला की दुसऱ्या बेटांवरून जहाजाने पाणी आणावे लागे. चाळीच्या नळावर पहाटे हंडे लावून बसलेल्या आपल्या माय-बहिणींना हे समजावून सांगायला नको. १९६० च्या दशकाच्या मध्यात समुद्राचे पाणी गोडे करणारा कारखाना सुरू झाला, आणि आज बेट त्याच पाण्यावर जगते. मात्र त्याला वीज फार लागते, आणि तिचा मोठा भाग तेल जाळूनच होतो.

संध्याकाळी परतताना किनाऱ्यावरची हॉटेले दिसतात. बेटावर माणसे सुमारे दीड लाख, आणि वर्षाला पाहुणे तीस लाखांच्या वर! पोहण्याचे तलाव भरतात, घरभाडी चढतात. हॉटेलात खोल्या झाडणाऱ्याला त्याच बेटावर खोली परवडत नाही. म्हणून २० एप्रिल २०२४ रोजी कॅनरी बेटांत हजारो लोक रस्त्यावर उतरले. पाहुणे येऊ नयेत, असे त्यांचे म्हणणे नव्हते. राबणाऱ्यालाही पाणी आणि छप्पर मिळावे, ही त्यांची मागणी होती. मुंबईतल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही.

तो दगडही परका नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनवर असाच लाव्हा पसरला. त्याचाच काळा पाषाण झाला. त्यात अजिंठा आणि कार्ल्याची लेणी कोरली गेली. तोच झिजून कापसाची काळी माती झाली. आपल्याकडे हे काम काळाने केले. लांझारोतेच्या शेतकऱ्याला तेवढा वेळ नव्हता, त्याने कुदळ घेतली.

मुलांनो, आता घरी एक प्रयोग करा. दोन डब्यांत सारखी माती आणि सारखेच पाणी घाला. एका डब्यावर बोटभर जाडीची बारीक खडी पसरा. दोन्ही डबे उन्हात ठेवा. चार दिवसांनी बोट खुपसून पाहा, कोणत्या मातीत ओल राहिली. आईच्या मिरचीच्या रोपाला ते ज्ञान उन्हाळ्यात नक्की उपयोगी पडेल.