दुखणे किती उतरले?

दसरा-दिवाळीच्या सुमारास घराघरांत आवराआवर सुरू होते, माळ्यावरचे डबे खाली येतात, आणि वर्षभर निमूट राहिलेले गुडघे, कंबर, खांदे आपापली कैफियत मांडू लागतात. याच दिवसांत, १२ ऑक्टोबरला, १९९६ पासून पाळला जाणारा जागतिक संधिवात दिन येतो. वर्षभर गोळ्या घेतल्या, शेक घेतला, व्यायाम केला. त्यातून आपल्या माणसाला खरोखर आराम पडला का, हे त्याच्याजवळ बसून विचारण्याचा हा दिवस आहे.

शून्य ते दहाच्या पट्टीवर दुखणे किती, हा दवाखान्यातला प्रश्न आता आपल्या ओळखीचा झाला आहे. २००१ साली दहा औषधचाचण्यांतल्या २,७२४ रुग्णांच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा दिसले की दुखणे सुमारे दोन अंकांनी, म्हणजे तीसएक टक्क्यांनी उतरले, की रुग्ण स्वतःच ‘बरेच बरे वाटते’ असे सांगतात. तो आकडा उभा आहे रुग्णांच्या सांगण्यावरच. पुढे मात्र आकडा तेवढा हाती राहिला आणि सांगणे ऐकायला सवड उरली नाही, याची खंत वाटते.

संधिवात दिन सुरू झाला, त्याच १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. गुडघेदुखी मोजायची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली कॅनडात तयार झालेली. तिच्यात जिना चढणे आहे, पायमोजे घालणे आहे, मोटारीत बसणे-उतरणे आहे. डॉ. चोप्रांच्या पुण्यातल्या संधिवात केंद्राने ती आपल्या जगण्याला जुळवून घेतली आणि मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांनाही तिच्यात जागा दिली. ज्या बाईचा अर्धा दिवस जमिनीलगतच्या कामात जातो, तिला बसता-उठता आले तरच औषध लागू पडले, हे त्या बदलाने मान्य केले. आपल्या वैद्यकाने केलेले हे काम आपल्याला फार मोलाचे वाटते.

सावध मात्र राहावेच लागते. दुखणे अगदी असह्य झाले, की आपण डॉक्टरांची पायरी चढतो. ते काही दिवसांनी आपसूकही थोडे ओसरते आणि श्रेय गोळीला मिळते. वेदनाशामकांनी पोटाला, मूत्रपिंडाला त्रास झाला, तर तोही त्याच हिशेबात धरायला हवा. आणि आपली वडीलधारी माणसे तर डॉक्टरांचे मन राखायला ‘बरं आहे’ म्हणून मोकळी होतात. रात्रीची झोप मोडते, हे ती घरीही सांगत नाहीत.

म्हणून पुढच्या तपासणीला त्यांच्यासोबत आपण जावे, आणि निघण्यापूर्वी विचारून घ्यावे: कोणते काम पुन्हा करता यावेसे वाटते? देवापुढे बसून पूजा, नातवाला उचलून घेणे, बाजारापर्यंत चालत जाणे, जे असेल ते. तेच डॉक्टरांना सांगावे, कागदावर लिहून घ्यावे, आणि तीन महिन्यांनी औषध चालू ठेवायचे की बदलायचे, हे त्या कागदाकडे पाहून ठरवावे.