आमटी आमची, भाकरी तुमची

सदर : रोजची चूल

रविवारी चार माणसं जेवायला बोलवायची म्हटली की आपल्याकडे आधी पदार्थ मोजायला सुरुवात होते. एक सुकी भाजी, एक रस्सा, वरण-भात, कोशिंबीर, भजी, पापड, काहीतरी गोड. आणि पोळ्या तर हव्यातच. मोजणी संपेपर्यंत बोलावण्याची हौस निम्मी विरते आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ यावर गाडी थांबते. कुर्डुवाडीत एक जण रेल्वेत, दुसरी शाळेत किंवा टेंभुर्णीच्या एमआयडीसीत, मुलं क्लासला, अशी घरं गल्लोगल्ली आहेत. या घरांतली माणसं एकमेकांना भेटतात ती लग्नात, नाहीतर दहाव्याला. मधल्या काळात फोनवर ‘या एकदा जेवायला’ म्हणायचं आणि दिवस मात्र कुणी सांगायचा नाही.

सोप्या पाककृती हव्यात, अशी मागणी या सदराकडे वारंवार येते. माझं म्हणणं असं, की पाककृती आपल्याकडे ढिगाने पडल्या आहेत. एकच पदार्थ करून पाहुण्याला पोटभर जेवू घालायची हिंमत मात्र आपण घालवून बसलो आहोत. आणि ही हिंमत शिकायला लांब जायला नको, आपल्या माढा-करमाळा भागात तिचा उत्तम नमुना आहे : बाजार आमटी.

हिचं नावच आठवडी बाजाराशी बांधलेलं आहे. तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी अशा मिसळीच्या डाळी, भाजून काळं केलेलं कांदा-खोबरं, सढळ हाताने घातलेलं काळं तिखट आणि वर बोटभर तवंग. ताटात दोन भाकऱ्या चुरायच्या, त्यावर आमटी ओतायची, बाजूला बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड. ही जेवणाची सुरुवात, आणि शेवटही हाच. बाजार आमटी खाणारा कधी ‘आणखी काय आहे?’ असं विचारत नाही. नाक पुसत तो फक्त ‘आमटी वाढा’ म्हणतो. हॉटेलांनी हिला पाटीवर चढवलं ते अलीकडे. मुळात हा बाजाराला आलेल्या, घाईतल्या, भुकेल्या माणसांचा एका भांड्यातला स्वयंपाक.

दहा माणसांचा अंदाज सांगतो. सगळ्या मिळून अर्धा किलो डाळी पुरतात. त्यात दोनशे ग्रॅम तूर, शंभर-शंभर ग्रॅम हरभरा आणि मूग, उरलेल्या शंभरात मसूर आणि मटकीची डाळ. हरभऱ्याची डाळ अर्धा तास आधी भिजत घालावी, नाहीतर बाकीच्या गळून जातात आणि ही दाताखाली टणक लागते. सगळ्या एकत्र कुकरला लावाव्यात. तोवर दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं थेट आचेवर धरून भाजावं, कांद्याचं वरचं साल जळलं तरी चालेल. दोन चमचे तीळ कोरडे भाजावेत. लसणाचा एक गड्डा, बोटभर आलं, मूठभर कोथिंबीर घालून सगळं वाटावं. वाटीभर तेलात हे वाटण तेल सुटेपर्यंत परतावं, मग गॅस बारीक करून तीन मोठे चमचे काळं तिखट घालावं. तिखट जळलं की आमटी कडू होते, म्हणून इथे घाई नको. मग घोटलेली डाळ आणि उकळतं पाणी घालावं. गार पाणी ओतलं तर तवंग नीट येत नाही. डाळीतलं पाणी धरून एकूण चार लिटरपर्यंत जावं. मीठ घालून वीस मिनिटं खळखळ उकळू द्यावं. तेल कमी करायचं असेल तर अर्धी वाटी घाला. तवंग पातळ दिसेल, चव जाणार नाही.

भांडी मोजा : एक कुकर, एक पातेलं, एक मिक्सरचं भांडं. भाजी चिरायची नाही, कणीक मळायची नाही, शेवटच्या क्षणी तळण नाही. पाहुणे अर्धा तास उशिरा आले तर आमटी बिघडत नाही, उलट मुरते. आयत्या वेळी दोघं जण वाढले तर तांब्याभर उकळतं पाणी, थोडं मीठ आणि अर्धा चमचा तिखट. भेटीगाठीच्या स्वयंपाकाला याहून जास्त काय हवं?

हवी असते ती भाकरी, आणि खरी अडचण तिथेच आहे.

दहा माणसांना कमीत कमी वीस-पंचवीस भाकऱ्या लागतात. पीठ मळायचं, थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, आचेवर फुगवायची. एकीला तीन मिनिटं धरली तरी तासाच्या वर हिशेब जातो. हा तास सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या पुढे असताना, गॅससमोर उभं राहून काढायचा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे मळून ठेवलेलं पीठ विरी जातं. प्रत्येक भाकरीचा उंडा त्या त्या वेळी मळावा लागतो. म्हणून ‘आमटी-भाकरीचा साधा बेत’ असं बैठकीत बसून म्हणणाऱ्याला तो बेत साधा वाटतो, तव्यापुढे उभी असलेली बाई तसं म्हणत नाही.

यावर गावांनी उत्तर काढून ठेवलं आहे. जुन्नर तालुक्यातल्या आणे गावात रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. हजारो माणसं जेवतात. आमटी मोठमोठ्या कढयांत एका जागी शिजते आणि भाकऱ्या घराघरांतून भाजून येतात. आपल्याकडच्या कितीतरी सप्ताहांत हीच रीत आहे. आमटी देवळापुढे आणि भाकऱ्यांच्या दुरड्या प्रत्येक घरातून. एका घरावर सगळ्या भाकऱ्यांचा बोजा पडत नाही, कारण प्रत्येक घर आपल्या तव्यावर जमतील तेवढ्याच भाकऱ्या भाजतं. पंगतीत बसणारा माणूस भाकरी कुणाच्या घरची हे विचारत नाही.

जी गोष्ट देवाच्या नावाने चालते ती रविवारच्या जेवणाला का चालू नये? फोन करताना सरळ म्हणावं, ‘आमटी आमची, भाकरी तुमची. येताना घरटी सात-आठ फडक्यात बांधून आणा.’ तीन घरांनी आणल्या की भागलं. कुणाची जाड, कुणाची पातळ, एखादीची बाजरीची. उलट जेवताना बोलायला एक विषय मिळतो.

‘पाहुण्याला भाकरी आणायला सांगायची? लोक काय म्हणतील?’ हा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखाही नाही. पाहुण्याच्या ताटात काही कमी पडू नये हा आपला संस्कार दुष्काळी मुलखातून आला आहे. जिथे ताटात कमी असायचं, तिथे पाहुण्यापुढे भरपूर वाढणं हीच घराची अब्रू होती. पण आज आपल्याकडे येणाऱ्या माणसाच्या घरी धान्याची तंगी नसते, वेळेची असते. आठ पदार्थ वाढून आपण त्याच्यावर परतफेडीचं ओझं टाकतो. त्याला आता आपल्याला बोलावताना नऊ करावे लागतात, म्हणून तो बोलावतच नाही. हुरड्याच्या दिवसांत याच माणसांना शेतात बोलावलं तर ती शेव, गूळ, चटणी, दही आपणहून घेऊन येतात आणि कुणाची अब्रू जात नाही. शेतात चालणारी रीत घराच्या उंबऱ्यावर अडकायचं कारण नाही.

ज्यांना एवढंही अवघड वाटतं त्यांच्यासाठी कडक भाकरी आहे. पातळ थापून, मंद आचेवर पाण्याचा अंश जाईपर्यंत शेकलेली ही भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, कारण बुरशी धरायला तिच्यात ओल उरत नाही आणि खवट व्हायला तेल नसतं. सोलापूर जिल्ह्यात बचत गटांच्या कितीतरी बायका आज हा धंदा करतात, पाकिटं मुंबई-पुण्यापर्यंत जातात. विकतची भाकरी म्हणजे आळस असं मानणाऱ्यांना माझा प्रश्न आहे : पीठ गिरणीतून दळून आणता ना? जात्यावरून गिरणीवर गेलो तेव्हाही कुणीतरी नाक मुरडलं असेल. फक्त पाकीट घेताना घासाघीस करू नका. तुमचा वाचलेला तास दुसऱ्या कुणीतरी तव्यापुढे काढलेला आहे, त्याचे पैसे पुरते द्या.

कुर्डुवाडीला टिकाऊ खाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. 1897 साली बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी इथून बार्शीला सुटली, तेव्हा आपल्या स्थानकाचं नाव बार्शी रोड होतं. 1906 मध्ये पंढरपूर जोडलं गेलं, 1927 मध्ये मिरज. मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसणारे वारकरी इथे शिदोरी सोडत. आणि ज्यांच्या घरी गार्ड-ड्रायव्हर होते, त्यांना ड्यूटीचा निरोप घेऊन कॉलबॉय दारात आला की घरात किती धांदल उडायची ते सांगायला नको. अशा घरांत फडताळ भरलेलं असावंच लागतं. कामाच्या दिवसांचा सोपा स्वयंपाक त्या फडताळातूनच निघतो.

फडताळात तीन वस्तू असाव्यात. पहिली शेंगदाण्याची चटणी. भाजलेले दाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ उखळात कुटून तेल सुटेपर्यंत. मिक्सरमध्ये करायची तर सलग फिरवू नका, थांबून थांबून फिरवा, म्हणजे पूड न होता गोळा धरते. दुसरी काळं तिखट. फाल्गुन-चैत्रात मिरच्या वाळल्या की डंकावर वर्षाचं कुटून घ्यावं. तिसरी, जी नव्या घरांतून नाहीशी होत चालली आहे ती येसर. गहू, बाजरी किंवा ज्वारी आणि हरभऱ्याची डाळ खमंग भाजायची, धणे, जिरं, मिरे, सुकं खोबरं भाजून त्यात मिसळायचं आणि सगळं गिरणीतून दळून आणायचं. बार्शीकडे आणि मराठवाड्यात लग्नाच्या पंगतीत येसर आमटीचा मान मोठा. घरात मात्र ती दहा मिनिटांची गोष्ट आहे. लसणाची फोडणी, पाणी, काळं तिखट, मीठ, आणि उकळी आली की गार पाण्यात कालवलेलं तीन-चार चमचे येसर. डाळ शिजवायची नाही, कुकर लावायचा नाही. दोन मिनिटांत होणारी पाकिटं बाजारात यायच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही सोय करून ठेवली होती.

एक सावधगिरी सांगतो. येसर, चटणी, कडक भाकरी टिकतात कारण ती कोरडी असतात. शिजवलेली आमटी उन्हाळ्यात ओट्यावर दुपारभर ठेवली तर संध्याकाळी आंबते. उरली तर निववून लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना पुन्हा खळखळ उकळा.

आता मुद्द्याची दुसरी बाजू. सोपा स्वयंपाक म्हणून जे काही सांगितलं जातं, ते सोपं कुणासाठी, हे विचारायलाच हवं. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटांचा वेळ जात होता, आणि ही कामं करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटांचा. त्यातही अशी कामं करणाऱ्या बायका शंभरात एक्याऐंशी, तर पुरुष शंभरात सव्वीस. या आकड्यांपुढे ‘झटपट पाच पदार्थ’ शिकवण्यात फारसा अर्थ नाही. पाचही पदार्थ तीच करणार असेल, तर झटपट केल्याने तिला आणखी एक पदार्थ करायला वेळ मिळतो, एवढंच.

‘मला येत नाही’ ही सबब तर कधीच जुनी झाली. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं. वाटी आणि चमच्याच्या मापात लिहिलेल्या त्या पुस्तकाने माहेर सोडून आलेल्या, दूरगावी संसार मांडलेल्या कितीतरी मुलींना हात धरून शिकवलं. ज्या मुलीला काहीच येत नव्हतं तिला जर पुस्तक वाचून स्वयंपाक जमला, तर वर्षानुवर्षं इंजिनाची दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आमटी न जमण्याचं काही कारण नाही. बाजार आमटी तर पुरुषांनी शिकायला फारच चांगली. मापं ठरलेली, भांडी मोजकी, हाताचं कसब भाकरीइतकं लागत नाही. वाटण नीट परतायचं आणि तिखट जाळायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं.

तेव्हा येत्या रविवारसाठी तीन घरांना फोन करा. दिवस सांगा, वेळ सांगा, भाकऱ्या किती आणायच्या ते सांगा. आमटी घरातल्या ज्याने आजवर कधी केली नाही त्याने करावी. आणि पातेली कोण घासणार हेही फोनवरच ठरवून टाका, कारण जेवण झाल्यावर हा विषय निघाला की सगळ्या पुरुषांना एकदम गाडीची वेळ आठवते.

— शिदोरीकार, कुर्डुवाडी