पदवी परदेशातली, प्रश्न मात्र गोंदियाचे

संगणक क्षेत्रातील किंवा बँकेतील स्थिर नोकरी सोडायची, शैक्षणिक कर्ज काढून परदेशी विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि पुढील आयुष्य पर्यावरणाच्या कामाला द्यायचे, असा विचार करणारी तरुण मंडळी आता विदर्भातील मध्यमवर्गीय घरांतूनही दिसू लागली आहेत. पोटाला चिमटा काढून मुलाला अभियंता केले, त्याने तिशीत हे काय आरंभले, असा प्रश्न आईवडिलांना पडणे स्वाभाविक आहे. तथापि, या विचाराला केवळ भाबडेपणा म्हणून मोडीत काढणे योग्य नव्हे.

कारण काळ बदलला आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्यातील दोन टक्के रक्कम सामाजिक कामासाठी खर्च करणे बंधनकारक केले. भांडवली बाजारातील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३पासून पर्यावरणविषयक अहवाल द्यावा लागतो. १ जानेवारी २०२६पासून युरोपात जाणाऱ्या पोलाद, सिमेंट, अ‍ॅल्युमिनियम यांसारख्या मालावर कर्बभाराचे आर्थिक दायित्व लागू झाले आहे. हा हिशेब जाणणारी माणसे उद्योगांना हवी आहेत. परदेशातील व्यवस्थापन शिक्षण ही विद्या चांगली शिकवते, यात दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो या विद्येचा विनियोग कोठे करायचा, हा. उत्तरासाठी फार दूर जायला नको. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला आपला गोंदिया जिल्हाच पाहावा. तिरोड्याला ३,३०० मेगावॉट क्षमतेचे कोळशावरील वीजकेंद्र आहे. त्याच्या राखेचा विनियोग हा कायमचा विषय आहे. गावोगावी भातगिरण्या आहेत. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा कोंडा निघतो. तो जळण म्हणून वापरला जातो आणि त्याच्या राखेत सिलिका भरपूर असते. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला सारस पक्षी मुख्यतः येथील धानबांध्यांच्या आणि तलावांच्या आश्रयाने तग धरून आहे. त्याच्या रक्षणासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये स्वतःहून दखल घेतली. कीटकनाशके, विजेच्या तारा आणि उजाड होणारे तलाव हे त्याचे वैरी आहेत.

तलावांची कथा तर विचार करायला लावणारी आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची प्रथा होती. कोहळी समाजाने पूर्व विदर्भात जी तलावांची माळ गुंफली, तिच्यामागे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. उतार, माती आणि पाऊस यांचे पिढीजात ज्ञान होते. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि गावाचा त्यांच्याशी असलेला जिव्हाळ्याचा संबंध सैल झाला. गाळ साचला, बेशरम माजली. पुढे अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या सोबतीने ढिवर समाजातील स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी मासे परतू लागले. कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाला कोणता मासा येतो, हे त्यांना ठाऊक होते. कोणत्याही व्यवस्थापन वर्गात न मिळणारे हे ज्ञान आहे.

मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला दीर्घकाळ काढला. २०२५मध्ये पद्मश्री लाभलेल्या आणि त्याच वर्षी दिवंगत झालेल्या या अरण्यऋषींनी ग्रंथ वाचले, भाषा शिकल्या, आणि त्याच आदराने वनवासी, मासेमार व पारधी यांनाही गुरू मानले. परदेशी जाणाऱ्या तरुणाने त्यांचा हाच गुण उचलावा.

यावर आक्षेप येईल की, येथे परत येऊन पगार कोण देणार? आक्षेप रास्त आहे. कर्जाचे हप्ते भावनेवर फेडले जात नाहीत. शिवाय परदेशात राहून कर्ज फेडू, हा भरवसाही आता पुरेसा नाही. ब्रिटनने पदवीनंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७पासून दीड वर्षावर आणण्याचे ठरविले आहे. म्हणून समाजानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. मासेमार सहकारी संस्थांना बाजारपेठ जाणणारा व्यवस्थापक हवा. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना तेंदूपाने व बांबूच्या विक्रीत ठेकेदाराशी बरोबरीने बोलणारा माणूस हवा. लेखा-मेंढ्याने २०११मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा हक्क मिळवून वाट दाखवली आहे. गिरणीमालकांनी आणि कंपन्यांच्या सामाजिक निधीने अशा दोन-चार तरुणांच्या मानधनाची तजवीज केली, तर ते दान ठरणार नाही. ती गुंतवणूकच असेल.

तरुणांना सांगणे एवढेच. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक पावसाळा एखाद्या तलावाच्या पाळीवर काढा. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था किंवा आणंदची ग्रामीण व्यवस्थापन संस्था हे देशातील पर्यायही तपासा. त्यानंतरही बाहेर जावेसे वाटले, तर अवश्य जा. पण प्रश्न बरोबर घेऊन जा. ज्याच्याजवळ प्रश्न नाही, तो परदेशातून केवळ गुळगुळीत अहवाल लिहिण्याचे कसब घेऊन येतो. प्रश्न घेऊन गेलेला मात्र उत्तर शोधत राहतो, आणि ते उत्तर त्याला गावाकडे परत आणल्यावाचून राहत नाही.

आईवडिलांनीही मुलाला 'किती मिळणार?' हे जरूर विचारावे. त्याबरोबर 'कोणासाठी करणार?' हेही विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला ठामपणे देता येईल, त्याच्या मागे घराने उभे राहावे.