ब्रॅडलॉने शपथ घेतली, मग?

परवा एका मित्राने मला पकडलं. "नास्तिक म्हणवतोस आणि गणपतीत आरतीला उभा राहतोस!" म्हटलं, आईला बरं वाटतं. टाळ्या वाजवतो, इतकंच. तर म्हणाला, "तुझा तो ब्रॅडलॉही असलाच. शेवटी देवाची शपथ घेऊनच खासदार झाला ना?"

माझ्याबद्दल बोलला ते सोडून देतो. ब्रॅडलॉबद्दलचं नाही सोडणार.

चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये नॉर्दॅम्प्टनमधून ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आला. उघड नास्तिक. त्याआधी १८७७ मध्ये ॲनी बेझंटबरोबर संततिनियमनाचं पुस्तक छापलं म्हणून खटलाही अंगावर घेतलेला. सभागृहात आल्यावर त्याने विचारलं, देवाच्या शपथेऐवजी नुसतं दृढकथन केलं तर चालेल का? कोर्टात साक्ष देताना नास्तिकांना ती मुभा तेव्हा होतीच. समितीने नाही म्हटलं. बरं, मग शपथ घेतो, म्हणाला. त्यातले काही शब्द मला निरर्थक वाटतात, पण दिलेलं वचन पाळीन. तर म्हणे, तुला शपथही घेता येणार नाही, कारण तुझा देवावर विश्वास नाही!

आता सांगा, या माणसाने करायचं काय? घरी बसायचं?

तो बसला नाही. एक रात्र क्लॉक टॉवरमध्ये कैदेत काढली. मध्ये काही महिने दृढकथनावर बसू दिलं, तर कोर्टाने तेही बेकायदा ठरवलं. ऑगस्ट १८८१ मध्ये पोलिसांनी त्याला ओढत बाहेर काढलं. जागा रिकामी झाली की पुन्हा निवडणूक, आणि नॉर्दॅम्प्टनचे लोक पुन्हा त्यालाच निवडून देत. १८८० ते १८८५ या काळात पाच वेळा! १८८६ मध्ये नव्या स्पीकरने आक्षेप ऐकूनच घेतले नाहीत, तेव्हा कुठे त्याला शपथ घेता आली.

मित्राला इथे ढोंग दिसतं. मला ते समोरच्या बाकांवर दिसतं. १८८३ मध्ये जॉन मोर्ले निवडून आले. तेही देव न मानणारे, आणि हे लोकांना ठाऊक. पण शपथ मुकाट्याने घेतली आणि जागेवर बसले. म्हणजे अडचण नास्तिक असण्याची नव्हती. अडचण होती ती सभागृहात उभं राहून तसं सांगण्याची. खोटं बोललास तर ये, खरं बोललास तर बाहेर... हे देवाचं रक्षण?

आणि शपथ घेऊन ब्रॅडलॉ गप्प बसला का? १८८८ मध्ये त्यानेच कायदा करून घेतला, की यापुढे कुणालाही दृढकथन करता येईल. स्वतःचे हात स्वच्छ ठेवून घरी बसला असता तर हे झालं असतं? पुढच्याच वर्षी तो मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आला. जानेवारी १८९१ मध्ये सभागृहाने त्याच्याविरुद्धचा जुना ठराव नोंदींतून काढून टाकला, पण तेव्हा तो मरणपंथाला लागला होता. तीन दिवसांनी गेला. अंत्ययात्रेला लंडनमध्ये शिकणारे गांधीही होते.

आपल्या आमदाराला आज 'ईश्वरसाक्ष शपथ' की 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' हे स्वतः ठरवता येतं. आपण ते टीव्हीवर बघतो आणि चॅनेल बदलतो.

असो. आरतीचं म्हणाल तर मित्राचं थोडं खरंच आहे. मी गप्प उभा असतो तोवर कुणाचीच हरकत नसते. मोर्लेसारखं. ब्रॅडलॉचं नाव घ्यायचं तर निदान विचारल्यावर तरी खरं सांगायला हवं. यंदा सांगेन म्हणतो.