टीप : कार्डावर की हातावर?

गेल्या शनिवारी गावाकडे, म्हणजे कळंबला जाऊन आलो. (कळंब म्हटलं की लोक धाराशिवचं किंवा यवतमाळचं समजतात. आमचं ते नव्हे. आमचं इंदापूर तालुक्यातलं, वालचंदनगरला चिकटलेलं.) परत येताना बारामतीवरून न येता मुद्दाम भिगवणवरून आलो. एक कारण म्हणजे मासे, आणि दुसरं म्हणजे मामेभावाला हायवेवर त्याच्या कामावर सोडायचं होतं. तो तिथल्या एका हॉटेलात वेटर आहे.

तर जेवण झालं, बिल आलं ८६० रुपये. वाढणारा पोरगा चांगला होता, भाकरी गरम गरम आणून देत होता. मी स्कॅनरवर थेट ९२० मारले. गल्ल्यावरचा डबा मोठ्यांदा ओरडला, पोरग्यानं ऐकलं, मीही ऐटीत उठलो. मामेभाऊ म्हणाला, "दादा, वरचे साठ कुणाला दिले?"

"त्या पोराला."

"त्याला कुठं मिळाले? मालकाच्या खात्यात गेले की. आमच्याकडं पण तसंच हाय. स्कॅनरवरचं आमच्यापर्यंत येत न्हाई. द्यायचं तर हातात दे."

मी निमूटपणे परत गेलो आणि पोराच्या हातात पन्नासची नोट ठेवली. पण गाडीत बसल्यावर मला अकरा वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. ती मी आजवर फारशी कुणाला सांगितलेली नाही.

२०१४ साली मी ऑनसाईट होतो, न्यू जर्सीत. शुक्रवारी रात्री आम्ही चौघं एका रेस्टॉरंटमध्ये गेलो होतो. बिल ४६.२० डॉलर. तिकडची पद्धत अशी की वेटर कार्ड घेऊन आत जातो, स्वाइप करून पावती आणतो, आणि पावतीवर टीप आणि एकूण रक्कम आपण पेनानं लिहून सही करायची. मी टीप ७ लिहिली, बेरीज ५३.२०. आठवड्यानं स्टेटमेंट पाहिलं तर ६३.२० कापलेले. माझ्याजवळची पावती (नशिबानं!) खिशात होती. बँकेला फोन केला. नंतर रेस्टॉरंटच्या मॅनेजरला फोन केला आणि बिलावर छापलेलं वेट्रेसचं नाव सांगून स्पष्ट म्हणालो की ही मुलगी गिऱ्हाइकांना लुटते. दहा डॉलर परत आले. मी मित्रांना ही गोष्ट शौर्यकथेसारखी रंगवून सांगितली.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तिथे गेलो तेव्हा ती मुलगी दिसली नाही. विचारलं तर म्हणाले, आता ती इथे नसते.

त्यानंतर बँकेकडून एक पाकीट आलं. त्यात रेस्टॉरंटनं पाठवलेली माझ्या सहीच्या पावतीची प्रत होती. टीपच्या ओळीत ७ स्वच्छ होते. बेरजेतला पहिला आकडा मात्र माझ्याच घाईच्या अक्षरातला, आणि तो पाच आहे की सहा हे मला स्वतःलाच सांगता येईना.

आता यात तांत्रिक भाग काय आहे ते बघा. (इंजिनियर माणूस, त्याशिवाय राहवत नाही.) स्वाइप केल्यावर बँक फक्त ४६.२० ला मंजुरी देते आणि तेवढे पैसे अडवून ठेवते. खरी वसुली रात्री, दुकान बंद करताना होते. कुणीतरी पावत्यांचा गठ्ठा घेऊन बसतं आणि प्रत्येक पावतीवरची टीप मशीनमध्ये टाकतं. त्या वेळी आपण घरी झोपलेले असतो. आकडा वाढवायचा असेल तर तिथे वाढतो, आणि चूक व्हायची असेल तर तीही तिथेच होते. आकडा टाकणारी ती मुलगी होती की मॅनेजर, मला आजही माहीत नाही. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात टीप मिळवणाऱ्या नोकराचं किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकलेलं आहे, बाकीची भर टीपमधून पडायची. म्हणजे त्या मुलीचं पोट ज्या ओळीवर चालत होतं, त्याच ओळीवरून मी तिला चोर ठरवलं.

अशी फसवणूक होत नाही असं मी म्हणत नाही. होते. पण माझं मत असं की कार्डावरच्या टीपमध्ये गिऱ्हाईक जितकं उघडं पडतं, त्याहून जास्त उघडा वेटर पडतो. मला बँक आहे, स्टेटमेंट आहे, तक्रारीचा फोन नंबर आहे. त्याला काय आहे?

आपल्याकडे कार्डाची पद्धत जरा वेगळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे २०१३ च्या अखेरीस दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा झाला. रक्कम आधी, पिन नंतर, त्यामुळे मागाहून आकडा चढवायची सोय सहसा उरत नाही. इथली लबाडी दुसऱ्या वाटेनं येते. मशीनवर आधीच जास्त रक्कम टाकलेली असते आणि आपण गप्पांच्या नादात न बघता पिन दाबतो. किंवा कार्ड नजरेआड नेऊन त्याची पट्टी वाचून घेतली जाते. आणि वेटरकडे संशयानं बघण्याआधी आपण पुणेकरांनी एक आठवण ठेवावी: ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्याच कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून जास्त रुपये गेले. बनावट कार्डं वापरून परदेशातल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले. त्यात कुठल्याही वेटरचा हात नव्हता, तर बँकेच्या यंत्रणेतच कुणीतरी घुसलं होतं.

मग मधे राहिलेली टीप नक्की कुणाची? यावर सुप्रीम कोर्टानं २६ एप्रिल २०१६ ला निकाल दिलेला आहे. प्रकरण आयटीसीच्या हॉटेलांचं आणि आयकर खात्याचं. गिऱ्हाइकांनी कार्डावर दिलेली टीप हॉटेल नंतर नोकरांना वाटत असे, आणि आयकर खात्याचं म्हणणं की हा पगारच झाला, कर कापायला हवा होता. कोर्टानं ते मानलं नाही. टीप गिऱ्हाईक देतं, मालक देत नाही. ती मालकाच्या हातात असते तेव्हा तो ती नोकरांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळत असतो, असा त्या निकालाचा आशय. वाचायला किती छान वाटतं! पण आयटीसीचं मोठं हॉटेल हिशोब ठेवतं. हायवेवरच्या गल्ल्यावर हा निकाल वाचून दाखवायला माझा मामेभाऊ जाणार आहे का? गेला तर दुसऱ्या दिवशी कामावर असेल का?

सर्व्हिस चार्जचीही तीच गत. बिलात परस्पर दहा टक्के लावायचे आणि सेवा म्हणायचं! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की हा चार्ज आपोआप लावता येणार नाही. हॉटेलांच्या संघटना कोर्टात गेल्या, स्थगितीही मिळाली, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. सगळी चर्चा गिऱ्हाइकाच्या हक्काची झाली, ते बरोबरच आहे. पण ते दहा टक्के वाढणाऱ्याच्या खिशात किती गेले, हे आपल्यापैकी कितीजणांनी कधी विचारलं? मीही नाही.

काही मित्र म्हणतात, रोख म्हणजे काळा पैसा, तू सॉफ्टवेअरवाला असून मागासलेलं बोलतोस. अरे बाबांनो, बिल रोख द्या असं मी म्हणतच नाही. बिल कार्डानं द्या, यूपीआयनं द्या, त्याची नोंद झालीच पाहिजे, जीएसटी भरला गेलाच पाहिजे. मी फक्त वरच्या तीस-चाळीस रुपयांबद्दल बोलतोय. रोख टीपही मालक काढून घेऊ शकतो, काही ठिकाणी गल्ल्यावरच्या डब्यात टाकायला लावतात, हेही मला ठाऊक आहे. पण निदान त्या पोराला समजतं की कुणी किती दिलं. स्कॅनरवर तेही समजत नाही. जुन्या हॉटेलांत बडीशेपच्या बशीत सुटे पैसे ठेवून आपण उठायचो. त्यात कसलं तंत्रज्ञान नव्हतं, पण पैसे उचलणारा तोच असायचा ज्यानं वाढलं.

मी स्वतःपुरतं असं ठरवलंय. पिन टाकायच्या आधी मशीनवरचा आकडा वाचायचा. परदेशात गेलो तर टीपच्या ओळीवर आडवी रेघ मारायची, बेरीज ठळक लिहायची आणि टीप रोख ठेवायची. आणि आकडा चुकला तर आधी बँकेला आणि रेस्टॉरंटला एवढंच विचारायचं की हे कसं झालं. नाव घेऊन कुणाला चोर म्हणायचं नाही.

गाडीच्या खणात आता दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवल्यात. सुट्यांसाठी शनिवारी पेट्रोल पंपावर हुज्जत घालावी लागली, पण मिळाले.

असो. त्या मुलीचं नाव मला अजून आठवतं. इथे लिहीत नाही. अकरा वर्षांपूर्वी फोनवर एकदा घेतलं होतं, ते पुरे झालं.