विमानाचे इंधन आणि सवलतीचा न्याय

महाराष्ट्राच्या २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बृहन्मुंबई, पुणे आणि रायगड या क्षेत्रांत विमानाच्या टर्बाइन इंधनावरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली. बंगळूर व गोवा यांच्या बरोबरीला येण्याचा हेतू त्यामागे होता. नियमित प्रवासी विमानसेवेच्या दृष्टीने हा निर्णय समजण्यासारखा होता. इंधन हा विमान कंपन्यांच्या खर्चातील सर्वांत मोठा भाग असतो आणि त्याचा भार अखेर तिकिटावरच पडतो. परंतु शे-दीडशे उतारूंना घेऊन जाणारे विमान आणि चार-सहा जणांसाठी उडणारे खाजगी जेट यांच्यात त्या घोषणेने भेद केला नाही. प्रश्न उपस्थित होतो तो येथेच.

खाजगी विमानाच्या मालकाला इंधनावरील खर्च वाचवावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे मार्गही त्याच्याच हाती आहेत. जेट इंजिन तीस-चाळीस हजार फुटांवरील विरळ हवेत काटकसरीने चालते. खालच्या थरात त्याची भूक फार वाढते. म्हणूनच मुंबई-पुण्यासारख्या अल्प अंतरासाठी जेट वापरणे ही मुळातच उधळपट्टी होय. अशा अंतराला पंख्याचे टर्बोप्रॉप विमान पुरते. वेग किंचित कमी ठेवणे, वाऱ्याचा अंदाज घेऊन उंची निवडणे, जमिनीवर उभे असताना विमानातील यंत्राऐवजी विमानतळाची वीज घेणे, असे अनेक उपाय वैमानिकांना ठाऊक असतात. मात्र पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतके आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील इतके राखीव इंधन बाळगण्याच्या नियमाला काटकसरीच्या नावाखाली हात लावता कामा नये. या विमानतळांभोवती दाट वस्ती आहे. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले एक लहान टर्बोप्रॉप विमान घाटकोपरच्या वस्तीत कोसळले आणि विमानातील चौघांसह एका पादचाऱ्याचा बळी गेला. त्या दुर्घटनेचा इंधनाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण आकाशातील वाहतुकीची जोखीम खाली राहणाराही वाहत असतो, हे तिने दाखवून दिले.

सर्वांत मोठी उधळपट्टी मात्र रिकाम्या फेऱ्यांची आहे. मुंबईच्या विमानतळावर जागा अपुरी. त्यामुळे मालकाला उतरवून विमान दुसऱ्या गावी उभे करावयाचे आणि परतीच्या वेळी पुन्हा रिकामेच आणावयाचे, असे घडते. २०२४ च्या प्रारंभी गर्दीच्या वेळांतील खाजगी उड्डाणांवरचे निर्बंध वाढविण्यात आले, ते याच टंचाईपोटी.

दुसरा दोष करपद्धतीतून निर्माण झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हा विमानाचे इंधन त्याच्या बाहेर राहिले. परिणामी प्रत्येक राज्याचा दर निराळा. जेथे कर कमी तेथे टाकी भरून घ्यावी आणि जेथे अधिक तेथे घेऊच नये, असा हिशेब सुरू झाला. वरकरणी हा व्यवहार शहाणपणाचा दिसतो. परंतु जादा इंधन वाहून नेण्यासाठीही इंधनच जळते. त्याच्या वजनाच्या साधारण तीन ते चार टक्के दर तासाला खर्ची पडतात. युरोपात या प्रथेचा अभ्यास युरोकंट्रोल या संस्थेने २०१९ साली केला. कंपन्यांचे वर्षाला सुमारे २६.५ कोटी युरो वाचतात, पण त्यापायी सुमारे ९ लाख टन कार्बन डायऑक्साइड अधिक बाहेर पडतो, असे तिला आढळले. मालकाचा पैसा वाचला, म्हणजे इंधन वाचलेच असे नव्हे.

आता याच राज्यातील सामान्य माणसाचे इंधन पाहावे. मुंबई, ठाणे व नवी मुंबईतील डिझेलवरील कर जुलै २०२४ पासून २४ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आणि पेट्रोलवरील कर २६ वरून २५ टक्क्यांवर आला. विमानाच्या इंधनाला सात टक्क्यांची सूट, स्कूटरच्या पेट्रोलला एका टक्क्याची! एक लहान टर्बोप्रॉप विमान तासाला सुमारे चारशे लिटर इंधन जाळते. मोठे जेट त्याच्या कित्येक पट. लिटरला पंचेचाळीस किलोमीटर जाणारी स्कूटर चारशे लिटरमध्ये अठरा हजार किलोमीटर चालेल. मुलुंडच्या वा बोरिवलीच्या एखाद्या कारकुनाची किंवा शिक्षिकेची घर ते स्थानक अशी रोजची पाच किलोमीटरांची ये-जा धरली, तर ती दहा वर्षांची बेगमी झाली. तिच्यावर चढा कर आणि त्या एका तासावर सवलतीचा कर, याला न्याय म्हणणे कठीण आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. कर चढा ठेवला तर विमाने परराज्यात इंधन भरतील, हा पहिला. तो नियमित विमानसेवेला लागू पडतो, आणि तिची सवलत काढून घ्यावी असे कोणी म्हणत नाही. वापरावरून कराचा दर ठरविणे व्यवहारात जमणार नाही, हा दुसरा. पण त्याचे उत्तर सरकारच्याच धोरणात आहे. २०१६ साली आखलेल्या उडान योजनेत लहान शहरांच्या विमानसेवेसाठी इंधनावरील कर राज्यांनी एक टक्क्यापर्यंत खाली आणावा, असे ठरले. उड्डाणाचा हेतू पाहून कर कमी करता येतो, तर तो पाहून कर कायम का ठेवता येऊ नये? रुग्णवाहिका म्हणून उडणाऱ्या विमानांना त्यातून वगळावे. तेही अवघड नाही.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या चिमुकल्या विमानात टपाल होते. अहमदाबादला त्यांचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. त्या उड्डाणाचा लाभ पत्राची वाट पाहणाऱ्या शेकडो घरांना झाला. सार्वजनिक तिजोरीतून सवलत देताना कसोटी हीच असावी. ज्याच्या उड्डाणाचा लाभ अनेकांना होतो, त्याचे इंधन स्वस्त व्हावे. ज्याचे उड्डाण केवळ स्वतःसाठी आहे, त्याने काटकसर आपल्या कौशल्याने करावी, इतरांच्या करातून नव्हे.