भग्न टेकडीच्या गांवीं दोन दिवस

हल्लीं आपल्या पुष्कळ घरांतील वडीलधारी मंडळी मुलांच्या निमित्तानें ऑस्ट्रेलियास जाऊन येतात आणि परत आल्यावर सिडनीचा पूल व तेथील नाट्यगृहाचीं शिडांसारखीं छपरें यांचें वर्णन करतात. त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु ज्या खंडाचा फार मोठा भाग वाळवंट आहे, त्याचा समुद्रकांठ तेवढा पाहून येणें म्हणजे ओसरीवर बसून घर पाहिलें असें म्हणण्यापैकीं आहे. म्हणून या महिन्यांत ब्रोकन हिल या खाणीच्या गांवासंबंधीं लिहिण्याचें योजिलें आहे. आमचे चिरंजीव ॲडलेड येथें असतात. तेथून ईशान्येस सुमारें ५०० किलोमीटरवर हें गांव असून, सून व नातू यांच्यासह आमचें तेथें दोन दिवस राहणें झालें.

गांव न्यू साउथ वेल्स प्रांतांत मोडतें, पण घड्याळ ॲडलेडचें पाळतें. राजधानी सिडनी सुमारें ११०० किलोमीटर दूर. व्यवहार पहिल्यापासून ॲडलेडशीं. तेव्हां वेळही त्यांचीच. सन १८८३ मध्यें चार्ल्स रास्प नांवाच्या, मेंढ्यांच्या कुरणाची हद्द राखणाऱ्या एका जर्मन मनुष्यानें येथील मोडक्या कण्याच्या काळ्या टेकडीवर, कथिल असावें या समजुतीनें, हद्दीचे खुंटे ठोकले. निघालें रुपें, शिसें आणि जस्त! १८८५ मध्यें कंपनी निघाली. बीएचपी हीं तिचीं आद्याक्षरें आज जगभर माहीत आहेत; मात्र त्या कंपनीनें १९३९ मध्यें येथील आपलें काम बंद केलें, आणि जिच्यावरून गांवास नांव मिळालें ती टेकडी तर खणून खणून नाहींशीच झाली. नाम राहिलें, रूप गेलें.

येथील रस्त्यांना क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड, कोबाल्ट अशीं नांवें आहेत. नातवाच्या रसायनशास्त्राची उजळणी चालतां चालतां झाली. मुख्य रस्त्याचें नांव अर्जंट. हा अर्जंट घाईचा नव्हे. लॅटिनमधील ‘अर्जेंटम्’ म्हणजे रुपें, आणि आपले ‘रजत’ व शुभ्र या अर्थाचा ‘अर्जुन’ हे त्याचेच भाऊबंद. सहस्रावधि कोस दूर रस्त्याच्या पाटीवर घरचा शब्द भेटल्यावर संस्कृत शिकविलेल्या माणसास जें वाटतें, तें ज्यांनीं शिकविलें आहे त्यांसच कळेल.

गांवाच्या उशाशीं खाणींतून काढलेल्या टाकाऊ दगडांचा मोठा ढीग आहे व त्यावर खाणकामगारांचें स्मारक उभारलेलें आहे. आंत भिंतीवर कामावर मृत्यु पावलेल्या आठशेंहून अधिक माणसांचीं नांवें आहेत, आणि त्यांबरोबर मरणाचें कारणही: कोणी दरड कोसळून, कोणी विवरांत पडून, कोणी सुरुंगाच्या स्फोटानें. नातवानें प्रथम मोठ्यानें वाचण्यास आरंभ केला. थोड्या वेळानें त्याचा आवाज आपोआप खालीं आला. याच कामगारांनीं १९१९-२० मध्यें अठरा महिने संप करून भूगर्भांत काम करणारांसाठीं आठवड्यास पस्तीस तासांची मर्यादा मिळविली. मला त्या भिंतीपुढें आपला बोरघाट आठवला. १८५६ ते १८६३ या काळांत तेथून लोहमार्ग नेतांना हजारों मजूर मेले. त्या मार्गानें पुण्यामुंबईस आपण जन्मभर ये-जा केली. त्यांतल्या एकाचें तरी नांव आपल्यापैकीं कोणास सांगतां येईल काय?

आतां वाचक भगिनींचा प्रश्न: “तें सारें खरें, पण तुम्ही तेथें खाल्लें काय?” येथील जुने खाणकामगार बरेचसे इंग्लंडांतील कॉर्नवॉल प्रांताच्या वंशाचे; त्यांनीं आपली पेस्टी बरोबर आणली. पेस्टी ही आपल्या करंजीची थोरली, तिखटामिठाची बहीण. जाड पारी, आंत मांस, बटाटा, कांदा आणि सलगमासारखा कंद, व कांठाला चक्क दोरीसारखी मुरड. खाणींत मळक्या हातांनीं मुरडीला धरून बाकीची पेस्टी खावी व मुरड टाकून द्यावी, असा प्रघात होता असें सांगतात. भाज्यांची पेस्टीही मिळते; मात्र पारीला मोहन कसलें घातलें आहे हें विचारून घ्यावें, कारण चरबी घालण्याची चाल तिकडे जुनी आहे. सूनबाईंनीं विचारपूस करून लोण्याची मिळविली, व ती, मिरपूड कमी असली तरी, चांगली होती.

पॅटन स्ट्रीटवर १८९२ पासून चालत आलेलें ‘बेल्स मिल्क बार’ हें दुकान आहे. सरबतांचे पाक तेथेंच जुन्या कृतीनें करतात आणि दुधांत घुसळून देतात. क्वान्डॉंग नांवाच्या रानफळाचा मुरांबाही अवश्य चाखावा. हें लाल, आंबटसर फळ येथल्या मूळ रहिवाशांचें परंपरागत खाद्य. झाड साक्षात् चंदनाच्या कुळांतलें! कोकम-चिंचेवर वाढलेल्या जिभेस त्याची ओळख करून द्यावी लागत नाहीं. अर्जंट स्ट्रीटवरील पॅलेस हॉटेल १८८९ मध्यें मद्यपाननिषेधकांनीं केवळ कॉफीसाठीं बांधलें. तहानलेल्या खाणवाल्यांपुढें कॉफीचा टिकाव लागला नाहीं. थोड्याच वर्षांत तेथें मद्यविक्रीचा परवाना आला.

उत्तरेच्या बाजूस पन्हळी पत्र्याची एक लहानशी मशीद आहे. उंटांचे तांडे घेऊन आलेल्या लोकांनीं ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधली. त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांत बलुची, पंजाबी, सिंधी असे तत्कालीन हिंदुस्थानचे पुष्कळ होते. या मुलखाचें धान्य, लोंकर आणि खाणीचें सामान यांच्या उंटांनीं वाहिलें.

लहान मुलें बरोबर नेणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मातींत शिसें आहे. तेथील मुलांचें रक्त १९९१ पासून नियमानें तपासलें जातें, आणि घरोघर उपदेश असा कीं, खाण्यापूर्वीं हात धुवावे, जमीन ओल्या फडक्यानें पुसावी, बाहेरची धूळ आंत आणूं नये. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “हें तर आजेसासूबाई सांगतच होत्या.” फरक इतकाच कीं, आजेसासूबाईंनीं कारण कधीं सांगितलें नाहीं.

धुळीवर तोडगा काढला तो अल्बर्ट मॉरिस या खाणीवरील धातुपरीक्षकानें. सरपण आणि खाणीचे टेकू यांसाठीं झाडें तोडलीं गेलीं, गुरें व सशांनीं उरलेलें खाल्लें, आणि वाळूचे लोट घरांपर्यंत येऊं लागले. मॉरिसचें म्हणणें असें कीं, जमिनीस कुंपण घाला, जनावरें बाहेर ठेवा, म्हणजे तेथल्याच वनस्पती पुन्हां उगवतील. १९३६ मध्यें काम सुरू झालें. तो स्वतः १९३९ मध्यें निवर्तला. गांवाभोंवतीं आज जो हिरवट-करडा पट्टा दिसतो तो त्या कुंपणांचा.

संध्याकाळ राखून ठेवावी ती गांवाबाहेरील टेकडीसाठीं. १९९३ मध्यें निरनिराळ्या देशांच्या शिल्पकारांनीं घडविलेलीं बारा वालुकाश्माचीं शिल्पें तेथें उघड्यावर आहेत व सूर्यास्तीं त्यांचा रंग बघतां बघतां पालटतो. मे ते ऑगस्ट हे महिने जाण्यास उत्तम. डिसेंबर-जानेवारींत उष्णमान चाळीस अंशांवर जातें. रात्रीं मात्र हिवाळ्यांत थंडी कडक पडते, तेव्हां शाल-कानटोपी विसरूं नये.